जुन्या लुगड्याचा नवा परकर

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या सडकेवर मूल हे तालुक्याचे गाव आहे. भोवती भाताची शेते, शेतांच्या पलीकडे जंगल आणि गावात भाताच्या गिरण्या, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप. जिल्ह्याच्या पश्चिमेस, वरोऱ्याकडे, कापूस पिकतो. इकडे पूर्वेस सारा हिशेब धानावर चालतो. पावसाळ्यात रोवणी उरकते तोवर घरात साठलेला पैसा मजुरीत आणि खतात गेलेला असतो, आणि भारी जातीचे धान कापून, मळून हाती येण्यास दिवाळी उलटून जावी लागते. नेमक्या या मधल्या ओढीच्या दिवसांत पोळा येतो. श्रावणी अमावास्येस बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तान्हा पोळा हा विदर्भातील मुलांचा सण. लाकडी बैलाला सजवून मुले घरोघर हिंडतात, बोजारा मागतात, आणि बैलांबरोबर एकमेकांच्या अंगावरचे कपडेही न्याहाळतात. पाठोपाठ महालक्ष्म्या, नंतर भुलाबाईची गाणी. मुलांना नवा कपडा हवा असण्याचे दिवस आणि घरात पैसा नसण्याचे दिवस पंचांगाने असे एकत्र आणून ठेवले आहेत.

जुन्या कपड्यातून नवा कपडा करण्याची कला अशा प्रदेशात हौसेखातर उत्पन्न होत नाही. ती गरजेतून येते. परंतु गरजेतून आलेली म्हणून ती ओबडधोबड असली पाहिजे असे मात्र नाही. उलट ज्या मुलीने हा कपडा घालून चारचौघींत मिरवायचे असते, तिच्या दृष्टीने तो ओबडधोबड असून चालतच नाही. थोरल्या बहिणीचा झगा धाकटीला आखूड करून देणे निराळे आणि आजीच्या लुगड्यातून धाकटीसाठी तिच्या मापाचा, तिच्या पसंतीचा परकर बेतणे निराळे. पहिल्यात मुलीच्या पदरी उतरण येते. दुसऱ्यात कापड जुने असले तरी कपडा तिचाच असतो. तिच्याआधी तो कोणी घातलेला नसतो. हा भेद मोठ्या माणसांस पुष्कळदा कळत नाही. मुलांस तो अगदी लहानपणापासून कळतो. पुढील सारा विचार या दुसऱ्या प्रकारच्या कामाचा आहे.

शहरातील घरांतही हा प्रश्न आहेच. फक्त त्याचे रूप उलटे आहे. तेथे पैशाची ओढ नसली तरी ट्रंका भरलेल्या असतात. त्यांत आईची लुगडी असतात, सासऱ्यांचे कोशाचे उपरणे असते, एखादी खादीची धोतरजोडी असते. ती टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत. अखेरीस एके दिवशी बोहारीण येते आणि पाचसहा उत्तम लुगड्यांच्या बदल्यात एक स्टीलचा डबा देऊन जाते. बोहारणीचा व्यवहार प्रामाणिक असतो, त्यास नाव ठेवण्याचे कारण नाही. पण डबा बाजारात केव्हाही मिळतो आणि ते कापड कित्येकदा आता कोठेच मिळत नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. तिच्या मागावरचे एखादे धोतर वा पातळ ज्या घरात अजून आहे, त्या घरास तसेच दुसरे विकत आणता यावयाचे नाही.

नवा कपडा बेतणारा शिंपी आधी नमुना ठरवतो आणि मग कापडावर कात्री चालवतो. जुन्या कापडाच्या बाबतीत हा क्रम पार उलटा करावा लागतो. कापड वर्षानुवर्षे एका माणसाच्या अंगावर वावरलेले असते; ते कोठे घासले, कोठे घामाने कुजले, कोठे उन्हाने विटले, याचा जणू एक नकाशा त्यावर उमटलेला असतो. तो प्रथम वाचावा आणि मगच परकर निघेल, झगा निघेल की नुसते झबले निघेल, हे ठरवावे. मनात फ्रॉक धरून बसलेल्या गृहिणीने कापडावर जबरदस्ती केली, तर पहिल्या धुण्यातच काखेत फाटते आणि दोष जुन्या कापडास दिला जातो.

हा नकाशा वाचण्याची रीत सोपी आहे. कापड प्रथम धुऊन, वाळवून, इस्त्री न करताच खिडकीशी उजेडासमोर धरावे. जेथे वीण विरली असेल तेथून उजेड अधिक येतो. त्या जागेभोवती शिंप्याच्या खडूने, किंवा खडू नसल्यास साबणाच्या वाळलेल्या चिपटीने, रेघ ओढावी. नंतर दोन्ही आंगठे जवळजवळ टेकवून कापड आधी उभ्या आणि मग आडव्या धाग्याच्या दिशेने ताणून पाहावे. धड कापड ताण सोसते. कुजलेले कापड बारीक आवाज करून विरते. ही परीक्षा निर्दयपणे करावी. जे कापड आंगठ्यांखाली फाटते ते अंगावरही फाटणारच. आणि घरात फाटले तर गोधडीत जाते, तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीत फाटले तर घरी रडत येते.

या दृष्टीने पाहिल्यास नऊवारी लुगड्यासारखे सोयीचे जुने कापड दुसरे नाही. कारण ते कधी कापलेलेच नसते. सदऱ्याचे वा कोटाचे तुकडे आधीच पडलेले असतात, त्यांतून नवा कपडा काढणे म्हणजे तुकड्याचेही तुकडे करणे होय. लुगडे मात्र सलग नऊ वार, म्हणजे ३२४ इंच लांब आणि बहुधा ४५ ते ५० इंच रुंद. जपानात किमोनो हे वस्त्र याच तत्त्वावर शिवत असत. कापडाचा पन्हा जेमतेम १४ इंचांचा, त्याचे सरळ पट्टे, गोल काप जवळजवळ नाहीतच. त्यामुळे सारे वस्त्र उसवून धुवावे आणि पुन्हा शिवावे अशी तेथे जुनी चाल होती. आपल्याकडील नेसण्याच्या वस्त्रांस एवढाही खटाटोप लागत नाही. शिवणच नाही तेथे उसवायचे काय?

लुगडे झिजते ते ठराविक जागी. कासोटा आणि बैठकीचा भाग सर्वांत आधी जातो. पायाशी येणारा काठ घासून त्याचे दोरे निघतात. पदर उन्हाने विटतो आणि खांद्यावरच्या घडीत चिरतो. परंतु निऱ्यांचा वरचा भाग, आणि आत गुंडाळले जाणारे सुरुवातीचे टोक, हे पुष्कळदा नव्यासारखे असते. अर्थात कामाची वर्दळ ज्या बाईला अधिक, तिचे लुगडे अधिक झिजलेले सापडावयाचे. रोवणीला जाणाऱ्या बाईच्या लुगड्यातून परकर काढण्याच्या गोष्टी करणे हा नुसता वाग्विलास होईल. तिच्या घरी लुगडे उरते ते वाकळीपुरतेच. पण सणासुदीस नेसलेले, ठेवणीतले लुगडे असेल, तर त्यातून किमान चार वार सलग वा दोन तुकड्यांत चांगले कापड निघण्यास हरकत नाही.

दहा वर्षांच्या मुलीचे माप समोर धरू. कमरेपासून घोट्यापर्यंत ३० इंच. परकराला घेर अडीच वारांचा, म्हणजे ९० इंचांचा असला म्हणजे पुरे. सलग तेवढे न मिळाल्यास ४५ इंचांचे दोन तुकडे दोन्ही कुशींस जोडावेत. कापड लुगड्याच्या लांबीच्या दिशेनेच घ्यावे, म्हणजे विणलेला काठच परकराचा खालचा काठ होतो आणि तेथे दुमड घालावी लागत नाही. येथे एक युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लुगड्याचा पायाशी राहणारा काठ बहुधा झिजलेला असतो, पण कमरेशी खोवला जाणारा वरचा काठ शाबूत असतो. म्हणून कापड उलटे धरावे. आजीच्या कमरेस जो काठ लपलेला होता, तो नातीच्या पायाशी यावा.

परकराच्या उंचीस कापड ३५ इंच घ्यावे. त्यापैकी दोन इंच नेफ्यात जातात आणि उरलेले तीन इंच काठाच्या थोडे वर, आतल्या बाजूस, दीड-दीड इंच खाणारे दोन चिमटे घालून राखून ठेवावेत. मुलगी वाढली की दरसाल एकेक चिमटा उसवावा. उसवलेल्या जागी न विटलेल्या कापडाची गडद रेघ उमटते, ती झाकता येत नाही असे मानून पुष्कळ घरी चिमटे घालतच नाहीत. पण त्या रेघेवर रंगीत दोऱ्याची साधी साखळी घातली तर ती मुद्दाम काढलेली नक्षीच वाटते. ४७ इंच पन्ह्याच्या लुगड्यात ३५ इंच परकरास गेल्यावर १२ इंचांची लांब पट्टी उरते. पोलक्याच्या बाह्या तीतून काढाव्यात. तिचा काठ धड असेल तर तोच बाहीच्या तोंडाशी यावा. झिजलेला असेल तर निमूटपणे कापून टाकावा. पोलक्याचे पाठ-पोट दुसऱ्या चांगल्या तुकड्यातून निघते. त्यास १८ इंच उंच आणि ३४ इंच लांब इतके कापड या वयास पुरते. पदराचा विटलेला पण मऊ भाग गळ्याच्या आतील पट्टीस वापरावा. मानेस तो नव्या कापडाहून सुखाचा लागतो.

रंग विटला असेल तर तेवढ्यावरून कापड टाकू नये. साध्या विणीच्या सुती कापडास सुलट-उलट असा खरा भेद नसतो. उन्हाकडे राहिलेली बाजू विटते, आतली बाजू पुष्कळदा टवटवीत राहते. कापड उसवून उलटवावे, म्हणजे रंग विकत न आणता रंग मिळतो. पूर्वी युरोपातील शिंपी मोठमोठ्या गृहस्थांचे कोट अशा रीतीने उलटवून देत, आणि त्यात कोणास कमीपणा वाटत नसे. वाटत असल्यास तो कोटाच्या आत राहत असे.

आता शिवण्याविषयी. या कामात सर्वांत मोठा घात होतो तो नव्या दोऱ्याने. कापड वीस वर्षांचे, मवाळ झालेले, आणि त्यात मजबूत नायलॉनचा वा पीळदार नवा दोरा घालून यंत्रावर बारीक टीप मारली, तर सुई त्या कापडास ओळीने भोके पाडते आणि दोरा त्या भोकांच्या रेषेवर करवतीसारखा चालतो. शिवण तुटत नाही. शिवणीलगतचे कापड फाटते. म्हणून दोरा कापडाहून बळकट नसावा. साधा सुती दोरा, बारीक सुई, आणि इंचात आठदहा टाके, एवढेच प्रमाण ठेवावे. हाताने शिवणे जमत असेल तर ताणाच्या जागा हातानेच शिवाव्यात; हाताच्या टाक्याला थोडी लवचीकता असते. काखेत तर कधीही तंग बेत करू नये. दोन बोटे रुंद चौकोनी तुकडा काखेत तिरपा बसवला म्हणजे हात वर करताना पाठीवर ओढ येत नाही. जुन्या बाराबंद्यांना आणि अंगरख्यांना असा तुकडा असे. हल्लीच्या बेतांतून तो गेला आणि काखा फाटू लागल्या.

दुसरा घात अस्तराचा. जुन्या कापडास नवे अस्तर लावणे ही कल्पना वरवर शहाणपणाची दिसते. परंतु जुने कापड आटावयाचे तेवढे कधीच आटून चुकलेले असते. नवे सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटते आणि वरच्या कापडास आपल्याबरोबर ओढून त्याच्या सुरकुत्या करते. म्हणून अस्तराचे कापड आधी रात्रभर पाण्यात भिजत टाकून, वाळवून, शक्य तर दोनदा धुऊन मग बेतावे. याहून चांगले म्हणजे अस्तरही जुनेच असावे. जुन्या मलमलीच्या धोतराइतके मऊ अस्तर कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि चंद्रपूरच्या वैशाखात पारा ४६-४७ अंशांवर जातो तेव्हा त्याची किंमत कळते.

न आटणे हा जुन्या कापडाचा फार मोठा गुण आहे, आणि त्याचा प्रत्यय खादीइतका दुसऱ्या कशातही येत नाही. मूलहून गडचिरोलीच्या वाटेवर सावली हे गाव लागते. १९२५ साली स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाच्या खादीकामाचे हे एक केंद्र होते. १९३६ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच गावी भरले आणि स्वतः गांधीजी त्यासाठी येथे आले. एका आडबाजूच्या खेड्यात एवढे मोठे संमेलन भरावे, यात तेथल्या सूतकताईचा मान होता. पुढे कित्येक वर्षे या बाजूच्या पुष्कळ घरांतून जाडीभरडी खादी हेच नित्याचे कापड राहिले. ज्यांनी ते सूत स्वतः कातले त्यांना त्याची चिंधीही टाकवत नसे; आणि एक वार कापडामागे किती तासांचे कातणे आहे हे ज्यास ठाऊक आहे, त्यास याचे नवल वाटणार नाही.

नवी खादी आटते, झोल खाते, आणि तिच्यावर चोख बेत साधणे कठीण. जुनी खादी मात्र शिंप्याच्या हाती मेणासारखी वागते. फक्त तिचा एक स्वभाव सांभाळावा लागतो. हातसुतास पीळ कमी-अधिक असतो, त्यामुळे कापलेल्या कडेतून दोरे झरझर सुटतात. यंत्राच्या कापडास शिवणीसाठी अर्धा इंच पुरतो, तर खादीस पाऊण इंच सोडावा, आणि शिवण आधी सुलट बाजूने घालून, कापड उलटवून, आतून दुसऱ्यांदा घालावी, म्हणजे कापलेली कड दोन शिवणींच्या मध्ये कायमची कोंडली जाते. पुरुषाच्या सदऱ्याचे कोपर, गळपट्टी आणि बाह्यांची टोके आधी जातात, पाठ मात्र बहुधा धड असते. एका मोठ्या सदऱ्याच्या पाठीतून तीनचार वर्षांच्या मुलाचे कुडते सहज निघते. त्याची पुढील बटणपट्टी काजांसह तशीच उचलून लहान कुडत्यास बसवली तर काजे करण्याचे कंटाळवाणे काम वाचते. ही काटकसर आहे की आळस आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साऱ्या जगालाच या विद्येची आठवण झाली होती. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आले ते १९४९ पर्यंत टिकले. १९४३ साली तेथील सरकारने आहे त्या कपड्यांत कसे भागवावे आणि ते कसे दुरुस्त करावेत याचे एक पुस्तकच काढले. त्याच १९४३ साली हिंदुस्थानातही कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला. राजाज्ञेने आलेली काटकसर राजाज्ञा उठताच बहुतेक ठिकाणी विसरली गेली. आज जगभरचे टाकाऊ लोकरी कपडे पानिपतास येतात, तेथे ते फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत आणि सुताची कांबळी होतात. तो उद्योग उपयुक्त खरा. पण त्यात कापडाची पूर्वीची ओळख उरत नाही. घरी केलेल्या परकरात ती उरते. किंबहुना तेवढ्यासाठीच कित्येक घरी हा उपद्व्याप होतो.

आणि येथेच या कामातील सर्वांत नाजूक भाग येतो. तो कोशाच्या वस्त्राच्या निमित्ताने सांगितलेला बरा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसर रेशमाचे किडे पाळले जातात. पिढ्यानुपिढ्या हे काम ढिवर समाजाने केले, आणि आरमोरी, नागभीड, सावली या बाजूच्या कोष्ट्यांनी त्या कोशांच्या धाग्याचे वस्त्र विणले. मधाच्या रंगाचे, किंचित खरखरीत, अंगावर घेतल्यावर हळूहळू मऊ होत जाणारे हे कापड. या मुलखातल्या घरी कोशाचे सोवळे किंवा उपरणे असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट असे. देवपूजा करणारे आजोबा गेले, की ते सोवळे घडी करून ठेवले जाते, आणि ट्रंकेत वर्षानुवर्षे त्याच त्या घडीवर राहून घडीच्या रेषेवरच चिरू लागते. रेशीम वापराने जेवढे जाते त्याहून अधिक अशा ठेवण्याने जाते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

अशा वस्त्रास कात्री लावावी काय? सोवळ्याच्या जुन्या कल्पनेप्रमाणे शिवलेले वस्त्र पूजेस चालत नाही. तेव्हा एकदा त्याचा झगा झाला, की ते देवघरातून कायमचे बाहेर पडले. घरातील वृद्ध स्त्रीस हे मानवेलच असे नाही, आणि सुनेने तिला न विचारता कात्री चालवली तर ते नुसते कापड कापणे राहत नाही. उलट असेही दिसते, की तिला विचारले, कापड तिच्या हाती देऊन कोणता भाग कशासाठी घ्यावा असे म्हटले, तर पुष्कळदा तीच बेत सांगू लागते. आणि नातीच्या अंगावर ते कापड फिरताना पाहणे तिला ट्रंकेतल्या घडीपेक्षा अधिक समाधानाचे वाटते. एखादी नाहीच म्हणते. मग तिच्या हयातीत ते वस्त्र तसेच ठेवावे आणि दर तीनचार महिन्यांनी त्याची घडी तेवढी मोडून दुसरीकडून घालावी. परकर दुसऱ्या लुगड्याचाही होतो.

होकार मिळाला, तर कोशाच्या कापडास तंग बेत कधीही करू नये. या धाग्याची वीण शिवणीपाशी सरकते आणि टाक्यांच्या दोन्ही बाजूंस फटी पडतात. म्हणून चुण्यांचा सैल झगा किंवा सैल कुडते एवढेच त्यातून काढावे. खांद्यास आणि छातीस आतून जुन्या मलमलीचे अस्तर द्यावे, म्हणजे ताण मलमल सोसते आणि शोभा कोसा देतो. घडीच्या चिरलेल्या रेषा टाळून जे तुकडे मिळतील त्यांतच बेत बसवावा. इस्त्री बेताची, उलट बाजूने. पाण्याचा शिंतोडा देऊन इस्त्री करू नये. रेशमावर त्याचे डाग राहतात.

लुगडे, खादी आणि कोसा यांची गोष्ट झाली. हल्लीच्या घरांत जुन्या साड्यांचा सर्वांत मोठा ढीग असतो तो मात्र पॉलिएस्टरचा, आणि त्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. हे कापड झिजत नाही, विटत नाही, म्हणून त्याचे नवे कपडे करण्याचा मोह होतो. पण ते घाम टिपत नाही, आणि मुलाच्या अंगाला उन्हाळ्यात त्याचा जाच होतो. पिशव्या, उशांच्या खोळी, पडदे यांस ते ठीक. कोणते कापड कशाचे आहे याचा संशय असल्यास कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सूत कागदासारखे जळून त्याची मऊ राख होते. रेशमास जळलेल्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी बनते. मुलांना हा प्रयोग फार आवडतो, त्यामुळे तो मोठ्यांनीच करावा.

रंगाविषयीही थोडक्यात. मूलच्या आसपासच्या जंगलात पळस आहे, हिरडा आहे, आणि त्यांच्या रंगांची हल्ली शहरात बरीच वाहवा होते. पळसफुलांचा केशरी-पिवळा रंग दिसावयास सुंदर, तुरटीने तो थोडा बसतोही. पण उन्हात टिकत नाही. होळीस तो शोभतो, वर्षभर घालावयाच्या परकरास नव्हे. हिरडा आणि लोखंडाचे पाणी यांनी करडा-काळा रंग पक्का येतो, परंतु लोखंड कालांतराने धागा खाते. नव्या कापडास ते काही वर्षे सोसते. जुन्या कापडाचे आयुष्य आधीच थोडे उरलेले असते, त्याला हा रंग देऊ नये. त्यापेक्षा कापड उलटवावे, किंवा विटलेल्या भागाशी गडद काठाची जोड द्यावी.

बेत ठरवताना ज्या मुलीसाठी कपडा व्हावयाचा तिला जवळ बसवून घेणे अगत्याचे आहे. काठ खाली हवा की बाहीला हवा, चुण्या हव्यात की कळ्या, गळा गोल की चौकोनी, हे तिला ठरवू द्यावे. खिसा मागितला तर जरूर द्यावा. परकराच्या शिवणीत एक लहान खिसा बसवण्यास वीतभर कापडही लागत नाही, आणि बोजाऱ्याचे पैसे ठेवण्यास तो हवाच असतो. काम पोळ्यापूर्वी निदान महिनाभर सुरू करावे. पावसाळ्यात धुतलेले कापड लवकर वाळत नाही, आणि दमट कापडावर घेतलेले माप वाळल्यावर चुकते. उसवण्याचे काम पाती घेऊन दिव्याच्या उजेडीही होते. कात्री मात्र दिवसाउजेडीच धरावी.

शेवटी उरलेल्या तुकड्यांचे. फार विरलेले गोधडीच्या आतल्या थरात आणि समईच्या काकड्यांत जातात, ते सर्वांस ठाऊक आहे. पण धड तुकड्यांपैकी हातभर लांबीचा एक तुकडा परकराच्या आत, नेफ्याच्या खाली, चार कच्च्या टाक्यांनी टाचून ठेवावा. परकराबरोबर तोही दर वेळी धुतला जातो, वाळतो, विटतो. पुढे कोठे खोच लागून परकर फाटला, की तोच तुकडा उसवून ठिगळास घ्यावा. दोहोंचा रंग सारखाच उतरलेला असतो, त्यामुळे ठिगळ शोधूनही सापडत नाही.